अफनासीचा हरवलेला ईस्टर

माझा मामेभाऊ मालवाहू जहाजावर नोकरी करतो. मागच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, दारात पणत्या लावून मी नुकतीच आत आले होते आणि त्याचा फोन आला. जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या अलीकडे नांगर टाकून आपल्या पाळीची वाट पाहत उभे होते. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि बोलता बोलता त्याने विचारले, "ताई, मागे एवढा आवाज कसला येतोय? वरात चालली आहे का?" मी म्हटले, "अरे, लक्ष्मीपूजन आहे आज." तो क्षणभर थांबला, "हो का," म्हणाला, आणि मामीची रक्तदाबाची गोळी बदलली का ते विचारू लागला. त्याच्या आवाजात खंत नव्हती, हळहळही नव्हती. जहाजावर कामाच्या पाळ्या असतात, इंजिनाच्या नोंदी असतात, तारीखसुद्धा रोज लिहिली जाते. पण सण मात्र दिवसांच्या रांगेतून अलगद गळून पडतो आणि तो गळून पडल्याचे माणसाच्या लक्षातही येत नाही, ही गोष्ट मला त्या रात्री फार लागली. बाहेर फटाके वाजत होते, फराळाचे ताट समोर होते, आणि मनातून तो "हो का" काही केल्या जात नव्हता.

त्याच होर्मुझहून साडेपाचशे वर्षांपूर्वी एक रशियन व्यापारी एक घोडा घेऊन गलबतात चढला आणि सहा आठवड्यांनी चौलच्या बंदरात उतरला, हे मला त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आठवले. अफनासी निकितिनचे नाव आपल्याला परकीय प्रवाशांच्या यादीत भेटते, परीक्षेपुरते पाठ होते आणि विसरले जाते. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला, त्याच्या सुमारे पाव शतक आधी हा माणूस दख्खनमध्ये राहून गेला, एवढेच त्याच्याविषयी सांगितले जाते. मी त्याचे टिपण फार पूर्वी भाषांतरातून वाचले होते आणि तेव्हा माझे लक्ष जुन्नर, बीदर, दाभोळ या आपल्या गावांच्या नावांवर खिळले होते. या वेळी पुन्हा वाचायला घेतले तेव्हा सारे लक्ष दुसऱ्याच गोष्टीने वेधून घेतले. मोजक्या पानांच्या त्या मजकुरात हा माणूस पुन्हा पुन्हा एकच तक्रार मांडतो, की ईस्टर केव्हा आहे ते मला ठाऊक नाही. मिऱ्यांचा भाव, हत्तींची संख्या, बंदरांमधली अंतरे लिहिता लिहिता तो मध्येच थांबतो, आपला सण शोधू लागतो आणि नंतर परत मिऱ्यांकडे वळतो.

अफनासी व्होल्गाकाठच्या त्वेरचा. त्या काळी त्वेर हे मॉस्कोपासून वेगळे, स्वतंत्र संस्थान होते. कास्पियनच्या पश्चिम काठावरच्या शिरवान राज्याच्या शाहाचा वकील हसन बेग रशियातून परत निघाला होता, त्याच्या सोबतीने व्होल्गातून कास्पियनपर्यंत जावे आणि माल विकून परतावे, एवढाच अफनासीचा बेत होता. हिंदुस्थान त्याच्या ध्यानीमनीही नव्हता. अस्त्राखानजवळ तातारांनी त्यांच्या नावा लुटल्या. पुढे कास्पियनमध्ये वादळात एक नाव किनाऱ्यावर आपटून फुटली आणि तिच्यावरची माणसे तिथल्या टोळीवाल्यांनी धरून नेली. वाचलेल्यांनी शिरवानच्या शाहापुढे हात पसरले, मायदेशी जाण्यापुरते तरी द्यावे म्हणून विनवले. माणसे पुष्कळ आहेत असे कारण सांगून त्याने काहीच दिले नाही. पुढचे वाक्य अफनासीने अगदी साधेपणाने लिहिले आहे आणि ते वाचताना घशाशी काहीतरी येते: आम्ही रडलो आणि पांगलो, ज्याचे रशियात काही होते तो रशियाला गेला, ज्याच्यावर तिथे कर्ज होते तो पाय नेतील तिकडे गेला. अफनासी स्वतः दर्बंदकडे वळला, तिथून बाकूला, जिथे जमिनीतून न विझणारी आग निघते, आणि मग इराण ओलांडत होर्मुझपर्यंत. या सगळ्यात त्याचा माल गेला, हे तर झालेच. पण त्या लुटीत आणखी एक गोष्ट गेली होती आणि तिचे मोल त्याला पुढे अनेक महिन्यांनी कळले.

त्याच्याजवळची पुस्तके गेली होती.

ही पुस्तके म्हणजे धर्मग्रंथ तर होतेच, पण त्याच्या दृष्टीने ती वर्षाची मोजदाद ठेवणारी साधनेही होती. ईस्टरला ठरलेली तारीख नाही. वसंतसंपातानंतरची पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, असा चंद्रसूर्यांचा मेळ घालून तो दिवस काढावा लागतो आणि त्यासाठी कोष्टके लागतात. आपल्याकडे पंचांगाविना अधिक महिना कोणता हे सांगता येणे जितके अवघड, तितकेच ते अवघड. शिवाय अर्धे वर्ष या एका दिवसाला टांगलेले असते. ईस्टरच्या आधीचा दीर्घ उपवास त्याच्यावरून मागे मोजायचा, पन्नासाव्या दिवसाचा ट्रिनिटीचा सण त्याच्यावरून पुढे मोजायचा. ईस्टर चुकला की उपवास चुकला, उपवास चुकला की मांस केव्हा वर्ज्य आणि केव्हा नाही ते चुकले. आणि भोवती सगळीकडे इस्लामी महिने चाललेले, जे ऋतूंशी बांधलेले नसतात आणि दर वर्षी सुमारे ११ दिवसांनी मागे सरकतात. अशा ठिकाणी एकट्या माणसाने, जवळ एकही पुस्तक नसताना, आपले वर्ष कसे धरून ठेवायचे? अफनासी लिहितो की लुटणाऱ्यांनी माझी पुस्तके नेली आणि मी ख्रिस्ती धर्माचे सगळे विसरलो. ईस्टर कधी, नाताळ कधी, बुधवार कोणता आणि शुक्रवार कोणता, मला काही कळत नाही. बुधवार आणि शुक्रवार हे त्याच्या धर्मातले आठवड्याचे उपवासाचे वार. साधा वारही हातातून सुटावा, ही कबुली मला ईस्टर हरवण्यापेक्षाही भयंकर वाटते.

पण त्याआधी घोडा. होर्मुझला त्याने घोडा घेतला कारण त्याला कुणीतरी सांगितले होते की हिंदुस्थानात घोडे पैदा होत नाहीत आणि तिथे त्यांना सोन्याचा भाव येतो. सांगणारे अर्धवट खरे बोलत होते. बहमनी आणि विजयनगर या दोन्ही राज्यांना घोडदळ हवे होते आणि चांगले घोडे अरबस्तान-इराणातून समुद्रमार्गेच येत. पण एक-एक घोडा आणणाऱ्या एकट्यादुकट्याचा तो धंदा नव्हता. अफनासीने त्या घोड्यावर १०० रूबल खर्च केले, होते नव्हते ते सगळे. मस्कत, गुजरात, खंबायत असे करत गलबत चौलला लागले. रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात २००२ साली त्याचे स्मारक उभारले गेले आहे. चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून चालताना, पायाखाली ओलसर वाळू आणि डोक्यावर झावळ्यांची सळसळ असताना, बर्फाच्या मुलखातून आलेला तो गोरा माणूस घोड्याचा लगाम धरून इथे उभा राहिला असेल, असा विचार मनात येतोच. त्याने लिहिले आहे की मी जाईन तिथे माणसे माझ्यामागे येतात आणि गोऱ्या माणसाचे नवल करतात. त्यालाही त्यांचे नवल वाटले: उघड्या अंगाची माणसे, डोक्यावर काही नाही, केसांची एक वेणी, आणि राजाच्या अंगावर काय तर डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला एक. पाहणारा आणि पाहिला जाणारा, दोघेही एकमेकांकडे सारख्याच कुतूहलाने पाहत उभे आहेत, असे चित्र प्रवासवर्णनांत क्वचित सापडते. बहुतेक प्रवासी फक्त पाहत असतात.

चौलहून पालीपर्यंत ८ दिवस, तिथून उमरीपर्यंत १० दिवस, मग आणखी आठवडाभराची चाल करून तो जुन्नरला आला आणि ट्रिनिटीच्या दिवसापासून तिथे हिवाळा लागला, असे तो लिहितो. हा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. ट्रिनिटीचा सण मे-जूनमध्ये केव्हातरी येतो, म्हणजे पावसाची पहिली सर त्याने अचूक टिपली आहे. ज्या ऋतूत माणसे घरात अडकून पडतात, वाटा बंद होतात आणि व्यापार थांबतो, तो त्याच्या लेखी हिवाळाच. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, असे तो म्हणतो. जुन्नरचा आषाढ ज्याने अनुभवला आहे त्याला या वाक्यात भर घालावीशी वाटणार नाही. शिवनेरीचा कडा दिवसचे दिवस ढगात असतो, भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, आणि चप्पल चिखलातून उपसून काढावी लागते. अशा दिवसांत अफनासी धर्मशाळेत बसून लोक काय करतात ते पाहत होता. याच दिवसांत नांगरणी-पेरणी होते, गहू, तांदूळ, हरभरा पेरतात, असे त्याने लिहून ठेवले. नारळाचे मद्य, ताडाची मादक पेये, ओझी वाहणारे बैल आणि म्हशी, सगळ्याची नोंद केली. आणि घोड्याला काय खायला घालतात तेही: हरभरा, आणि साखर व तूप घालून शिजवलेली खिचडी. हे वाचून मी बराच वेळ थांबले होते. परमुलखातल्या पावसात, स्वतः अर्धपोटी असलेला माणूस १०० रूबलांच्या घोड्यापुढे तूपसाखरेची खिचडी ठेवतो आहे, आणि घोडा विकला गेला नाही तर आपले पुढे काय, हा विचार त्याच्या डोक्यात चालू आहे. गाव एका खडकाळ बेटावर आहे, ते कुणी बांधलेले नाही, देवानेच केले आहे, वर जायची वाट इतकी अरुंद की दोन माणसे शेजारी मावत नाहीत, असे वर्णन त्याने केले आहे. ते शिवनेरीचे आहे याबद्दल मला तरी शंका वाटत नाही. शिवरायांचा जन्म तिथे व्हायला अजून दीडशेहून अधिक वर्षे अवकाश होता.

जुन्नरचा सुभा तेव्हा असदखानाकडे होता. तो बहमनी वजीर महमूद गवानच्या हाताखालचा सरदार. पदरी हत्ती आणि उत्तम घोडे असताना माणसांच्या खांद्यांवरून फिरत असे, हे अफनासीने आवर्जून नोंदवले आहे. परका व्यापारी मुसलमान नसून रशियन आहे हे कळताच खानाने घोडा काढून घेतला आणि शर्त घातली: इस्लाम स्वीकारलास तर घोडाही परत देतो आणि वर १,००० मोहरा देतो, स्वीकारला नाहीस तर घोडा गेलाच, शिवाय तुझ्या डोक्यावर १,००० मोहरांचा दंड. मुदत ४ दिवसांची. ऑगस्टमधल्या तारणहाराच्या सणापर्यंत. ते चार दिवस कसे गेले, हे अफनासीने लिहिलेले नाही. बाहेर पाऊस चालूच असणार. सणाच्या आदल्या दिवशी खुरासानचा मुहम्मद नावाचा एक मोठा माणूस जुन्नरला आला, अफनासीने त्याचे पाय धरले, आणि त्याने खानाकडे जाऊन हा सक्तीचा प्रकार थांबवला व घोडाही सोडवून आणला. देवाने आपल्या सणाच्या दिवशी चमत्कार केला, असे अफनासी म्हणतो. त्याच्या दृष्टीने तो चमत्कारच होता. माझे लक्ष मात्र त्या खुरासानी मुहम्मदावर रेंगाळते. तोही परमुलखातून आलेला, इस्लामवर निष्ठा असलेला. एका अनोळखी ख्रिस्ती माणसासाठी रदबदली करण्याचे त्याला काही कारण नव्हते. त्याच्याविषयी या दोन-तीन ओळींपलीकडे टिपणात काहीही नाही, आणि तरीही त्या दोन-तीन ओळींसाठी तो माझ्या कायमचा लक्षात राहिला आहे.

सुटका झाल्यावर मात्र अफनासीचा राग उफाळून येतो. रशियातल्या ख्रिस्ती बांधवांनो, तुमच्यापैकी ज्याला हिंदुस्थानात जायचे असेल त्याने आपला धर्म रशियात ठेवून यावे, असे तो लिहितो. आपल्याला खोटे सांगून इथे आणले. आमच्या देशात खपेल असा माल इथे नाही, मिरी आणि रंग तेवढे स्वस्त आहेत, पण त्यावर जकात फार आणि समुद्रात चाचे फार. हिशेबी माणसाचा हा सात्त्विक संताप वाचताना त्याच्याविषयी प्रेम वाटू लागते.

घोडा घेऊन तो बीदरला गेला. तिथे त्याने तो नाताळच्या सुमारास विकला, तोवर घोड्याच्या चाऱ्या-दाण्यावर पुष्कळ पैसे गेले होते. बीदरच्या थाटामाटाचे वर्णन त्याने मन लावून केले आहे. ईदेला सुलतानाची स्वारी निघते तेव्हा ३०० हत्ती पोलादी चिलखते घालून चालतात, त्यांच्या सोंडेला आणि सुळ्यांना तलवारी बांधलेल्या असतात, पाठीवरच्या अंबारीत चिलखत घातलेली माणसे बंदुका घेऊन बसलेली असतात. रस्त्यातून दोन वाव लांबीचे साप फिरतात. रात्री एक पक्षी ओरडत उडतो, तो ज्या घरावर बसेल त्या घरात मृत्यू होतो. आळंदच्या उरुसात २०,००० घोडे विकायला येतात. हे सगळे नवलाचे, आणि प्रवासवर्णनात अपेक्षित असलेले. पण याच वर्णनात एक वाक्य आहे ज्याच्यासाठी मी त्याला मोठा निरीक्षक मानते. मुलूख माणसांनी गजबजलेला आहे, गावाकडची माणसे फार उघडी-वाघडी आहेत आणि सरदार फार बलाढ्य आणि फार ऐषारामी आहेत. बहमनी वैभवाची वर्णने आपण पुष्कळ वाचतो, महमूद गवानच्या मदरशाच्या निळ्या-हिरव्या टाइल्स पाहून आपण खरोखर थक्क होतो. दख्खनच्या शेतकऱ्याविषयी त्या काळात इतके थेट लिहिणारा माणूस व्होल्गाकाठून यावा लागला. चांदीच्या पालख्यांपुढे अनवाणी धावणारी माणसे त्याला दिसली, कारण तो स्वतः पालखीत बसलेला नव्हता.

बीदरमध्ये त्याने खोजा यूसुफ खुरासानी हे नाव धारण केले होते. हिंदूंशी ओळख वाढली तेव्हा त्याने त्यांना खरे सांगितले, की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझे नाव अफनासी. त्यानंतर त्यांनी माझ्यापासून काही लपवले नाही, असे तो म्हणतो: जेवण, व्यापार, पूजा, घरातल्या बायका, काहीही. हा त्या टिपणातला सर्वांत मोकळा भाग आहे. त्याने त्यांच्या श्रद्धा विचारल्या आणि ८४ पंथ आहेत असे ऐकून लिहून घेतले. एका पंथाचे लोक दुसऱ्याबरोबर खात नाहीत, पीत नाहीत, सोयरीक करत नाहीत, हेही लिहिले. उजव्या हातानेच जेवतात, जेवताना परक्याची नजर पडू देत नाहीत, पूर्वेकडे तोंड करून दोन्ही हात उचलतात, मस्तकाला लावतात आणि जमिनीवर लोटांगण घालतात. त्यांच्याबरोबर तो शिवरात्रीला पर्वताला, म्हणजे श्रीशैलला, गेला. वाट महिन्याभराची. यात्रेची गर्दी, दगडात कोरलेल्या पट्ट्याच्या पट्ट्या, काळ्या दगडाचा, सोन्याने मढवलेला मोठा नंदी, त्याच्या खुराचे चुंबन घेऊन फुले वाहणारे भाविक. आणि उजवा हात उंच उगारलेली एक मूर्ती पाहून त्याला काय आठवावे, तर कॉन्स्टँटिनोपलमधला सम्राट जस्टिनियनचा पुतळा. मूर्तिपूजकांच्या देवाकडे पाहून त्याने नाक मुरडले नाही. आपल्या जगातली सर्वांत भव्य गोष्ट त्याने त्याच्याशेजारी ठेवून पाहिली. कर्मठ ख्रिस्ती माणसाकडून, तेही पंधराव्या शतकात, मला हे अपेक्षित नव्हते. सण हरवलेला माणूस दुसऱ्यांच्या सणाला जातो आणि तिथे शांतपणे, बारकाईने पाहत उभा राहतो. आपला ईस्टर कोणता ते ठाऊक नाही, पण यांची शिवरात्र केव्हा ते त्याला बरोबर ठाऊक आहे.

ईस्टरसाठी त्याने काय काय केले, ते वेगळे पाहायला हवे. त्याने मुसलमानांच्या महिन्यांवरून अदमास बांधला: त्यांच्या बैरामच्या, म्हणजे ईदेच्या, ९ किंवा १० दिवस आधी आपला ईस्टर येत असावा. मग त्याने आकाश पाहिले. ईस्टरला कृत्तिका आणि मृग संधिप्रकाशात शिरले होते आणि सप्तर्षींचे डोके पूर्वेकडे होते, असे तो लिहितो. म्हणजे पुस्तके गेल्यावर त्याने लहानपणापासून पाहिलेले तारे वापरले, आणि मोठ्या धीराने वापरले, कारण दख्खनच्या आकाशात सप्तर्षी त्वेरइतके उंच कधीच चढत नाहीत. मुसलमानांच्या उपवासाच्या महिन्यात त्याने त्यांच्याबरोबर उपवास धरला; मांस सोडले, भाकरी आणि पाण्यावर राहिला. आपला उपवास कोणत्या दिवशी सुरू करायचा ते कळत नाही, तर निदान शेजारी उपाशी असताना आपणही उपाशी राहावे, यात त्याला काही वावगे वाटले नाही. बीदरमध्ये मलिक नावाच्या एका गृहस्थाने त्याला धर्म बदलण्याचा आग्रह केला, तेव्हा अफनासी म्हणाला की तुम्ही नमाज पढता, मीही प्रार्थना करतो; तुम्ही पाच वेळा करता, मी तीन वेळा; मी परका आहे, तुम्ही इथले आहात. त्यावर मलिकने जे उत्तर दिले ते त्याच्या जिव्हारी लागले. तू मुसलमान नाहीस हे दिसतेच आहे, पण ख्रिस्ती धर्मही तुला माहीत नाही.

या एका बोलण्यावर तो खूप विचारात पडला, असे त्याने लिहून ठेवले आहे. मी खऱ्या वाटेपासून भरकटलो, दुसरी वाट मला माहीत नाही, आता माझा मीच जातो. आणि मग देवाची आळवणी: माझ्यापासून तोंड फिरवू नकोस. मलिकने त्याचे दुखणे नेमके ओळखले होते. ख्रिस्ती म्हणून जगायला ज्या गोष्टी लागतात, म्हणजे वार, उपवास, चर्चमधली गाणी, शेजारी उभे राहून तीच प्रार्थना म्हणणारी माणसे, यातले त्याच्याकडे काहीही उरले नव्हते. उरली होती ती फक्त ते नसल्याची टोचणी. मला वाटते, ही टोचणी जिवंत ठेवणे हेच त्याने त्या वर्षांत केलेले सर्वांत कष्टाचे काम होते. खरा धर्म कोणता ते देवच जाणे, असेही एक वाक्य त्याच्या हातून उतरले आहे. ते थकव्याने लिहिले की समजुतीने, हे ठरवता येत नाही, आणि ठरवण्याची घाई करू नये असे मला वाटते.

जिथे मन फार हलते तिथे तो रशियन सोडून तुर्की, फारसी, अरबी यांच्या त्या बाजारी मिश्रणात लिहू लागतो, जे त्याला वाटेवर कानावरून आले होते. रशियाविषयीची त्याची प्रार्थना अशीच लिहिलेली आहे. देव रशियाच्या भूमीचे रक्षण करो; या जगात तिच्यासारखी दुसरी भूमी नाही, जरी तिथले सरदार अन्यायी आहेत; ती भूमी सुस्थितीत येवो, कारण तिथे न्याय थोडा आहे. रशियन वाचणाऱ्याला हे सहज कळू नये म्हणून त्याने असे केले असावे, असा तर्क आहे आणि तो मला पटतो. जो माणूस जुन्नरच्या खानापुढे उभा राहिला, त्याला आपल्याच देशातल्या सरदारांची भीती वाटत होती.

दाभोळहून तो परत निघाला. होर्मुझपर्यंतचे भाडे दोन मोहरा. महिनाभर समुद्रात काहीच दिसले नाही, मग आफ्रिकेचे डोंगर दिसले आणि गलबतावरची माणसे आता मेलो म्हणून देवाचा धावा करू लागली. तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकऱ्या देऊन त्यांनी गलबत वाचवले. पुढचा ईस्टर त्याने मस्कतमध्ये काढला. मग होर्मुझ, शिराझ, तब्रिझ, काळ्या समुद्रावरचे त्रेबिझोंद, जिथे तुर्कांनी त्याच्यावर हेरगिरीचा संशय घेऊन सामान उचकटले आणि बारीकसारीक चीजवस्तू लांबवल्या. टिपणवह्या बहुधा त्यांना निरुपयोगी वाटल्या. काळा समुद्र ओलांडून तो क्रिमियातल्या काफ्फाला पोहोचला, जिथे रशियन व्यापारी भेटत, रशियन बोलले जाई, आणि आज वार कोणता ते विचारता येई. तिथून उत्तरेकडे निघाला आणि स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच वारला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोत आणून तिथल्या महाराजांचा चिटणीस वसिली मामिरेव याच्या हाती दिल्या, आणि १४७५ सालाखाली त्या बखरीत दाखल झाल्या.

त्याचा प्रवास नेमका कोणत्या वर्षांतला, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. जुना हिशेब १४६६ ते १४७२ असा आहे, पुढच्या संशोधकांनी तो दोनेक वर्षे पुढे सरकवला. आणि हा वाद लढवताना जे पुरावे तपासले जातात त्यांत अफनासीचे अदमासही आहेत: अमुक ईस्टर अमुक ठिकाणी, बैराम त्यानंतर इतक्या दिवसांनी. बीदरमध्ये बसून चाचपडत, चुकत, आकाशाकडे बघत त्याने जे आकडे मांडले, ते आज अभ्यासक कोष्टकांशी ताडून पाहतात.

तो शेवटी मुसलमान झाला होता का, असाही एक वाद आहे. झाला होता असे म्हणणाऱ्यांचा आधार म्हणजे टिपणाचा शेवट. तो रशियन प्रार्थनेने होत नाही. अल्लाची नावे एकामागून एक घेत, कुराणातल्या शब्दांची आठवण करून देत, मोडक्या अरबीत तो मजकूर संपतो, आणि त्यात मध्येच येशूचेही नाव येते. माझ्या मते त्याच्या स्वतःच्या शब्दावर विश्वास ठेवायला हवा. चार ईस्टर मी मुसलमानांच्या मुलखात काढले आणि ख्रिस्ती धर्म सोडला नाही, पुढे काय होईल ते देवाला ठाऊक, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. जुन्नरला घोडा आणि हजार मोहरा समोर असताना जो वाकला नाही, तो पुढे गुपचूप बदलला असे मानायला मला कारण दिसत नाही. पुस्तके गेली, सोबत गेली, तेव्हा प्रार्थनेसाठी त्याला जे शब्द रोज कानांवर पडत होते तेच त्याने उचलले. आणि मॉस्कोतल्या ज्या नकलनवीसांनी हा मजकूर पुढे बखरींत उतरवून घेतला, त्यांना त्या शेवटच्या ओळींतला एकही शब्द कळला नसावा. तरीही अल्लाची ती नावे त्यांनी अक्षर न अक्षर रशियन लिपीत उतरवली, गाळली नाहीत, आणि आजही बखरीत ती तशीच आहेत.